शब्दचर्चा : 'तार्किक अचल' कशाला म्हणायचं? (चर्चा करणाऱ्यांची नावं सोलापुरातल्या ठिकाणांवरून घेतलेली टोपणनावं आहेत.)

पार्क चौक : बी.ए.च्या तर्कशास्त्राच्या टिपणांसाठी 'लॉजिकल कॉन्स्टंट'ला मराठी शब्द ठरवायचा आहे. 'तार्किक स्थिरांक' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे गणित-भौतिकातले π (पाय) आणि g (जी) येतात. 'तार्किक अचल' बरं वाटतं. पण 'आणि, किंवा, नाही, जर-तर, सर्व, काही' एवढी यादी देऊन थांबलं की लगेच प्रश्न येतो : यात 'म्हणून' का नाही? 'बहुतेक' का नाही? आणि आपला 'च'?

सात रस्ता : मॅडम, 'अचल'च घ्या. फक्त एक खबरदारी : 'सोलापूर' हे नावही सूत्रात अचल म्हणूनच येतं, त्याला व्यक्ति-अचल म्हणा. मग 'तार्किक' या विशेषणाचा अर्थ सांगावा लागतो. सगळ्यांत स्वच्छ उत्तर तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड तार्स्कीचं आहे. त्याने ते १९६६च्या व्याख्यानात मांडलं, छापून आलं १९८६मध्ये. विचारक्षेत्रातल्या, म्हणजे ज्यांच्याविषयी बोलणं चाललंय त्या सगळ्या, वस्तूंची आपापसांत कशीही अदलाबदल केली तरी ज्याचा अर्थ हलत नाही, ते तार्किक.

आपल्या सोलापूर जिल्ह्याचे ११ तालुके हे विचारक्षेत्र धरा. त्यांची अदलाबदल ३,९९,१६,८०० प्रकारे होते. 'भीमेकाठचा' हे पद पंढरपूरला लागू पडतं, बार्शीला नाही. दोघांची जागा बदलली की पद कोसळलं. 'लागून आहे' हा संबंध मोहोळ आणि पंढरपूर यांच्यात आहे. मोहोळच्या जागी अक्कलकोट ठेवा, संपला.

मग कोणते दुपदरी, म्हणजे दोन वस्तूंमधले, संबंध टिकतात? तालुक्यांच्या क्रमित जोड्या (पहिला कोण, दुसरा कोण हे धरून) १२१. त्यांत ११ जोड्या तालुक्याच्या स्वतःशी, उरलेल्या ११० वेगवेगळ्या तालुक्यांच्या. या ११०पैकी कोणतीही जोडी कोणत्या ना कोणत्या अदलाबदलीने दुसऱ्या कोणत्याही जोडीवर नेता येते. म्हणून संबंध एका जोडीला लागू असेल तर ११०ही जोड्यांना लागू हवा. तीच गोष्ट त्या ११ जोड्यांची. टिकणारे संबंध चारच उरतात : 'तोच आहे', 'वेगळा आहे', सगळ्या जोड्यांना लागू असलेला आणि एकाही जोडीला लागू नसलेला. म्हणून 'तोच आहे' हा समानतेचा संबंध तार्किक ठरतो. हे फळ्यावर करून दाखवा, व्याख्या आपोआप समजते.

पार्क चौक : आणि 'बहुतेक'?

सात रस्ता : 'निम्म्याहून जास्त' असा पक्का अर्थ घेतला तर उत्तीर्ण. ११पैकी किमान ६ लागतात. ते ६ कोणते, याच्याशी देणंघेणं नाही. 'सर्व' आणि 'काही' यांच्या जोरावर नेहमीच्या प्रथम-क्रम तर्कशास्त्रात (जिथे 'सर्व' आणि 'काही' फक्त वस्तूंबद्दल बोलतात) 'बहुतेक' बांधता येत नाही, म्हणून पाठ्यपुस्तकी यादीत तो दिसत नाही. पण यादीत नसणं आणि तार्किक नसणं या दोन गोष्टी आहेत. 'बरेच' मात्र बाहेर ठेवा. किती म्हणजे बरेच, हे प्रसंगागणिक बदलतं.

'म्हणून' तर त्याच्याही आधी गळतो. 'उजनी भरलं म्हणून भीमेत पाणी सोडलं' आणि 'उजनी भरलं म्हणून गड्ड्याची यात्रा भरली' : चारही तुकडे खरे असले तरी पहिलं वाक्य खरं आणि दुसरं खोटं असू शकतं. तुकड्यांच्या खरे-खोटेपणावरून पूर्ण वाक्याचा निकाल लागत नाही, म्हणजे सत्यता-कोष्टक (तुकडे खरे-खोटे असताना पूर्ण वाक्य खरं की खोटं, हे दाखवणारा तक्ता) भरताच येत नाही. 'पण'चं कोष्टक मात्र 'आणि'सारखंच भरतं. विरोधाची छटा कोष्टकाबाहेर राहते.

विजापूर वेस : सर, कसोटी अशी एकटी सोडू नका, तिला भोक आहे. 'सर्काही' असा शब्द घडवा : ज्या विचारक्षेत्रात पंढरपूर आहे तिथे त्याचा अर्थ 'सर्व', जिथे नाही तिथे 'काही'. एका क्षेत्रातल्या वस्तू आपापसांत कितीही फिरवा, पंढरपूर असेल तर असतंच, नसेल तर नसतंच. म्हणजे शब्द उत्तीर्ण! याला कोणी तार्किक म्हणेल का?

सात रस्ता : बरोबर. म्हणून अदलाबदल क्षेत्राच्या आत थांबवायची नाही. तेवढ्याच वस्तूंच्या दुसऱ्या क्षेत्रावर एकास एक लावूनही अर्थ टिकला पाहिजे. जिल्ह्याच्या ११ तालुक्यांवरून ११ खेळाडूंच्या संघावर जा, 'सर्काही' तिथेच पकडला जातो. तत्त्वज्ञ गिला शेर यांनी कसोटीला हेच रूप दिलं. टिपणात हेच द्या.

विजापूर वेस : दुसरी वाट नियमांची. तर्कशास्त्रज्ञ गेंट्झेनच्या पद्धतीत प्रत्येक संयोजकाला ('आणि', 'किंवा' यांसारख्या वाक्यं जोडणाऱ्या शब्दाला) आत आणण्याचे आणि बाहेर काढण्याचे, असे दोन प्रकारचे नियम असतात. तेच त्याचा अर्थ. पण कुठलेही दोन नियम जोडून चालत नाही. तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायरने १९६०मध्ये 'टोंक' हा बनावट संयोजक काढला : 'अ' वरून 'अ टोंक ब' ('किंवा'चा आत आणायचा नियम), आणि 'अ टोंक ब' वरून 'ब' ('आणि'चा बाहेर काढायचा). दोन पायऱ्यांत 'बार्शीत पाऊस पडला' वरून 'भीमा उलटी वाहते' सिद्ध! १९६२मध्ये तर्कशास्त्रज्ञ बेलनॅपने अट घातली : नव्या संयोजकामुळे जुन्या वाक्यांमध्ये, आधी निघत नव्हता असा निष्कर्ष निघता कामा नये. टोंक तिथे बाद.

पार्क चौक : दोन्ही कसोट्या देते. 'च' राहिला.

सात रस्ता : 'च' तार्किक आहे, पण जागा बघा. 'पदवीधरच अर्ज करू शकतात' याचा अर्थ जो जो अर्ज करू शकतो तो पदवीधर. प्रत्येक पदवीधर अर्ज करू शकतो, असं त्यातून निघत नाही. सूचना वाचताना हीच चूक सर्रास होते. सूत्रात 'च' वेगळं चिन्ह मागत नाही : तो 'सर्व'च आहे, फक्त दोन पदांची दिशा उलटी. 'पदवीधर अर्जच करू शकतात' हे तिसरंच विधान, अर्ज सोडून काही करू शकत नाहीत असं. मुलांना आधी 'च' कोणत्या पदाला चिकटलाय ते अधोरेखित करायला लावा, मगच सूत्र लिहायला सांगा.