उस्मानी साम्राज्यातली सरमिसळ: थोडी भर

‘उस्मानी (ऑटोमन) साम्राज्य मोडलं आणि मग माणसं हलली’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. माणसं हलवणं हा तिथे राज्यकारभाराचाच भाग होता. त्याला शब्दही होता, ‘सुर्गुन’. सायप्रस जिंकल्यावर १५७२ मध्ये फर्मान निघालं: अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग) ठरावीक भागांतून दर दहा घरांमागे एक घर बेटावर पाठवा. खुशीने कोण जाणार!

उलट १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंना इथे आसरा मिळाला. पुढे सलोनिकात (आजचं ग्रीसमधलं थेसालोनिकी) त्यांचं इतकं वजन झालं की शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, बंदरच बंद असायचं.

सर्केशियनांची, म्हणजे कॉकेशसमधल्या एका मुसलमान समाजाची, कथा मला सगळ्यात चटका लावते. १८६४ मध्ये रशियाने त्यांना कॉकेशसमधून हुसकलं. उस्मानी सरकारने अनेकांना बाल्कनमध्ये वसवलं, आणि रशियाशी झालेलं युद्ध उस्मानी हरल्यावर, १८७८ नंतर, तिथूनही उठावं लागलं. त्यातले काही जण अम्मानच्या ओसाड रोमन अवशेषांत जाऊन राहिले. आजची जॉर्डनची राजधानी त्या वस्तीतून वाढली.

१९२३ ची ग्रीस-तुर्कस्तानमधली लोकसंख्येची अदलाबदल मात्र साम्राज्य संपल्यावरची, हे मान्य. पण तिचा निकष भाषा नव्हता, धर्म होता. त्यामुळे अनातोलियातले तुर्की बोलणारे कारामानी ख्रिश्चन ग्रीसमध्ये गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. दोघांनाही ‘मायदेशी’ शेजाऱ्यांची भाषा कळेना. जुन्या नकाशांवर रंग भरून वांशिक सीमा दाखवतात, त्यात ही मंडळी नेमकी कुठल्या रंगात घालायची?