दहा टक्के कापा, पण मोजायचं कसं?

कोरा कागद : काल इथल्या चर्चेत एकाने सल्ला दिला : अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंगचं लेखनकलेवरचं 'ऑन रायटिंग' वाचा, नियम पाळा, मराठी कथा सुधारेल. राहवलं नाही. २००० सालच्या त्या पुस्तकात क्रियाविशेषणांवर दात आहे, कर्मणी प्रयोगावरही. आता 'दार खाडकन लागलं' यातलं 'खाडकन' काढा. आवाजच गेला! आणि 'रामाने आंबा खाल्ला' हे शालेय व्याकरणात कर्मणीच. टाळायचं तर भूतकाळच लिहू नये की काय?

शाईपुसणी : अर्धवट वाचून चिडलात. त्याचा मुख्य रोख संवादाच्या शेपटीवर आहे. '"चालता हो!" तो रागाने ओरडला.' राग 'चालता हो'मध्ये आलाच की. 'म्हणाला' पुरे. आपली पात्रं साधं म्हणतच नाहीत. उद्गारतात, उत्तरतात, पुटपुटतात. 'खाडकन' ठेवा, 'अचानक' आणि 'अत्यंत' काढा. कर्मणीचं म्हणाल तर त्याला खुपतं ते 'निर्णय घेण्यात आला' छापाचं. कुणी घेतला ते लपतं. 'रामाने' म्हटल्यावर राम समोर उभा आहे. उगाच व्याकरणाचा बागुलबुवा नको.

मोजपट्टी : मूळ घोळ वेगळाच आहे. दुसरा खर्डा म्हणजे पहिला वजा दहा टक्के, नवख्यांनी रोज हजार शब्द, ही किंगची मापं इंग्रजीची. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द, तिकडे सात-आठ. म्हणजे आपले हजार जास्त जड. शिवाय संगणक मधल्या मोकळ्या जागा मोजतो. 'करत आहे'चं 'करतोय' केलं की काहीही न गाळता आकडा उतरतो.

उपसंपादक : उलटही होतं! 'त्याच्या साठी', 'घरा समोर' असं तोडून लिहिणाऱ्यांनी वात आणलाय. शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं. एकेक जोडत बसलं की तीन हजारांची कथा आपोआप बारीक होते, मजकूर मात्र तेवढाच. शब्दांवर मानधन असेल तिथे मुद्दाम तोडून लिहितात की काय, देव जाणे.

शाईपुसणी : विषय काय, चाललंय काय!

उपसंपादक : विषय हाच. आधी नीट जोडा, मग मोजा, मग कापा. आणि कापायचं म्हणजे प्रत्येक परिच्छेदातून चिमूटभर नव्हे. पहिलं पान बघा : हवामान, गावाचं वर्णन, नायकाची वंशावळ. बहुतेक वेळा दहा टक्के तिथेच निघतात.

मोजपट्टी : आणि वंशावळीतच पुढच्या भांडणाचं कारण असेल तर? सरसकट पहिल्या पानावर सुरी चालवणं हाही आळसच.

उपसंपादक : असेल तर भांडणाच्या वेळी दोन ओळींत सांगा. आधी कोण लक्षात ठेवणार?

कोरा कागद : बरं बाबा, 'रागाने' काढतो. खर्डा किमान सहा आठवडे खणात ठेवायचा, हे किंगचं म्हणणंही मान्य. तेवढ्या काळात आपलीच वाक्यं परकी वाटू लागतात आणि चुका दिसतात. फक्त दिवाळी अंकाच्या लेखकांना कुणीतरी सांगा. त्यांचा पहिला खर्डाच मुदत उलटल्यावर सुरू होतो.