मॅनेजर गेम पहिल्यांदाच खेळणार, कुठून सुरुवात करू?

स्लो_लोकल:
मंडळी, आजवर बटणं दाबून खेळायचे फुटबॉल-क्रिकेटचे गेम खेळलो, आता बोटं साथ देत नाहीत. मेहुण्याकडे फुटबॉल मॅनेजर हा गेम पाहिला, ज्यात आपण खेळायचं नाही, संघ सांभाळायचा. पठ्ठ्या दीड तास नुसते तक्ते वाचत बसला होता आणि मध्येच एकटाच ओरडला. ते ओरडणं मलाही हवंय. पण मी हात लावला तर पहिल्याच दिवशी इनबॉक्समध्ये इतके मेल, की ऑफिस परवडलं. लॅपटॉप जुना, जेवणानंतर तासभर मिळतो. क्रिकेट कळतं, फुटबॉल बऱ्यापैकी. काय घेऊ?

तिसरा_पंच:
क्रिकेट कळतं ना? मग क्रिकेट कॅप्टन. १९९८ पासूनची मालिका आहे आणि रूप अजूनही थोडं तेव्हाचंच वाटतं, तिकडे कानाडोळा करा. फटका तुम्ही मारत नाही. फलंदाजाने किती आक्रमक खेळायचं, क्षेत्ररक्षण कसं लावायचं, गोलंदाज कधी बदलायचा, एवढं तुमच्या हातात. नवखे हमखास आल्या आल्या फलंदाजाला मारायला लावतात आणि ४० ला ५ होतात. आधी नजर बसू द्या. एखादी इंग्लिश काउंटी घेऊन चार दिवसांचे सामने खेळा.

आळशी_गोली:
पंच, नवख्याला चार दिवसांचे सामने? झोपेल तो.

माझं मत वेगळं. आधी बास्केटबॉल जीएम (जीएम म्हणजे जनरल मॅनेजर). फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो, जुना लॅपटॉप पुरतो. बास्केटबॉल कळत नसेल तर उत्तमच, कारण खेळाडू सगळे काल्पनिक घेता येतात, कुणाचं नाव माहीत असायची गरज नाही. प्रत्येकापुढे दोन आकडे: आज किती चांगला, आणि पुढे किती होऊ शकेल. ह्या प्रकारच्या गेमचा सगळा जीव त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. म्हातारा होत चाललेला स्टार ठेवायचा, की त्याच्या बदल्यात १९ वर्षांचं कच्चं पोर घ्यायचं?

मी पहिल्या सीझनला ३२ वर्षांच्या स्टारला पाच वर्षांचा करार दिला. दोन वर्षांत गडी बाकावर. काढून टाकला, तरी करार संपेपर्यंत त्याचा पगार संघाच्या पगारमर्यादेत, म्हणजे सगळ्यांच्या पगाराला मिळून घातलेल्या मर्यादेत, मोजला जात राहिला. पगारमर्यादा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ८२ सामन्यांचा अख्खा सीझन काही मिनिटांत पळवता येतो, त्यामुळे चुकीचं फळ त्याच रात्री मिळतं. फुटबॉल मॅनेजरमध्ये ते मिळायला महिना जातो.

एक मात्र सांभाळा. सगळा डेटा ब्राउझरमध्येच साठतो. आमच्या धाकट्या बंधूंनी ‘लॅपटॉप स्लो झालाय’ म्हणून ब्राउझर साफ केला आणि माझी चौदा वर्षांची कारकीर्द गेली. फाइल एक्सपोर्ट करून ठेवत जा.

डोंबिवली_इलेव्हन:
गोलीभाऊंशी सहमत, पण ह्यांना मेहुण्यासारखं ओरडायचंय, म्हणजे शेवटी फुटबॉल मॅनेजरवरच येणार. तेव्हा लक्षात ठेवा:

मेलचा डोंगर असिस्टंटच्या गळ्यात मारा. सराव, पत्रकार परिषदा, राखीव संघ, सगळं सोपवता येतं. पहिला सीझन तुम्ही फक्त अकरा जण निवडायचे आणि खरेदी-विक्री करायची. डावपेच तयार मिळतात, त्यातला एक उचला. आणि हरलात की बदलू नका! संघाला नवी पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो. मी पहिल्या वर्षी दर शनिवारी फॉर्मेशन (खेळाडूंची मैदानावरची मांडणी) बदलायचो, डिसेंबरात नारळ मिळाला.

जुना लॅपटॉप असेल तर सुरुवातीला एक-दोनच देशांच्या लीग निवडा, नाहीतर एक दिवस पुढे सरकेपर्यंत चहा होतो. आणि २०२५ ची आवृत्ती शोधत बसू नका. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्दच झाली, २४ नंतर थेट २६.

तिसरा_पंच:
मोठा क्लब घेऊ नका हेही सांगा. तिथे दुसरा नंबर आला तरी मालक तोंड पाडून बसतो.

सायडिंग:
तासभरसुद्धा रोज मिळत नसेल तर हॅटट्रिक, हाही फुटबॉलचाच मॅनेजर गेम. स्वीडनचा, १९९७ पासूनचा, ब्राउझरमधला. आठवड्यात एक लीगचा सामना, सीझन १६ आठवड्यांचा. लोणच्यासारखा मुरत ठेवायचा गेम. घाई असेल त्याने जाऊ नये.

स्लो_लोकल:
धन्यवाद सगळ्यांना. काल रात्री बास्केटबॉल जीएम सुरू केला. बास्केटबॉलमध्ये किती जण खेळतात हे आधी बायकोला विचारावं लागलं. तीन सीझन झाले, तिन्हीत खालून दुसरा. पण एक विशीचं पोर हाती लागलंय, दोन आकड्यांत २४ चं अंतर.

गोलीभाऊ, करार दोन वर्षांचा देऊ की पाच?

आळशी_गोली:
विशीचा आहे ना, पाच! तो ३२ चा झाला की मग विचारा.