मदत हवी आहे : टीव्हीवरची लाकूड घासून पेटवलेली आग खरी कशी ओळखायची?

मंडळी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या शाळकरी मुलांसाठी सर्व्हायवल शोमधलं (रानात तगून राहण्याच्या टीव्ही मालिकांमधलं) खरं-खोटं दाखवणारं प्रात्यक्षिक करायचं आहे. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’मध्ये बेअर ग्रिल्स काही रात्री हॉटेलात राहिल्याचं २००७ साली बाहेर आलं, हे मुलांना सांगणारच. लेस स्ट्राउड मात्र ‘सर्व्हायवरमॅन’ या त्यांच्या मालिकेसाठी एकटे राहून कॅमेरे स्वतः लावायचे, तेही सांगायला हवं. पण मला आगीचं पारखायचं आहे.

धनुष्याच्या दोरीने लाकडी दांडा फळीच्या भोकात गरगर फिरवून आग काढताना तो झिजत आखूड होतो. पुढच्या दृश्यात तो पुन्हा लांब दिसला तर चित्रीकरणात कापाकापी झालीच. सावल्यांची दिशा मध्येच बदलली का, तेही बघायचं. फळीला भोकाच्या मध्यापर्यंत पोचणारी त्रिकोणी खाच नसेल तर घासून निघालेली लाकडाची भुकटी साठत नाही, मग निखारा कुठून येणार? भुकटी फिकट तपकिरी राहिली तर वेग किंवा दाब कमी. काळपट होऊन, दांडा थांबवल्यावरही धुमसत राहिली तरच निखारा. भोक चकचकीत झालं तर घर्षण संपतं, ते खरवडावं लागतं.

विचारायचं ते असं : दांडा दोनेक सेंटिमीटर जाड घेतोय, त्याला भेंडीच्या झाडाचं (भाजीची भेंडी नव्हे) वाळकं लाकूड चालेल का? फळीला पांगारा की सावर? निखारा फुलवायला घेतलेला नारळाच्या सोडणाचा काथ्या पावसाळी हवेत ओल धरतो, त्याऐवजी काय वापरता? प्रात्यक्षिक शाळेच्या अंगणातच होईल; अभयारण्यात आग नकोच, आणि माकडताप पसरवणाऱ्या गोचिडींमुळे मुलांना रानात बसवणंही नको.