पहिली बचत कुठे ठेवू? पतसंस्था, पीपीएफ की एसआयपी

वय 24, गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत कंत्राटी नोकरी. राहतो शिरोड्याला घरीच, कंपनीची बस मिळते, त्यामुळे महिन्याला दहाएक हजार मागे पडतात. सेव्हिंग खात्यात आता 1 लाख 60 हजार साठलेत, नुसतेच पडून आहेत.

बाबा म्हणतात, गावच्या पतसंस्थेत टाक, बँकेपेक्षा व्याज जास्त. पिग्मीवाला रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानावर येतो, आता घरचाच झालाय. पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो (सहकारी बँकेतल्याही), पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे त्यांना कसं पटवू? शिवाय मामा 20 वर्षांची एंडोवमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी घेऊन मागे लागलेत. माझ्यावर अवलंबून कोणी नाही, मग मला आयुर्विमा कशाला? पण मामांना नाही कोण म्हणणार!

मला स्वतःला पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधी खातं) बरं वाटतं. 7.1 टक्के, तेही करमुक्त. अडचण 15 वर्षांची आहे. कंत्राट मार्चमध्ये संपतं, पुढे वाढवतील याची खात्री नाही. मित्र म्हणतो सगळे इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणारा म्युच्युअल फंड) टाकून मोकळा हो. काय करू?

प्रतिसाद:

कंत्राटी आहेस ना, मग आधी सहा महिन्यांच्या खर्चाचं बघ. घरी देतोस ते पैसेही त्यात धर. तेवढ्याची बँकेत एफडी कर, पण तीन-चार पावत्यांत, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. घरचं डीडीएसएसवाय (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्ड नूतनीकरण केलंय का तेही बघून घे, कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच जातो.

पुढे महिन्याच्या दहा हजारांतले निम्मे एसआयपीने, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम, निफ्टी 50 इंडेक्स फंडात, डायरेक्ट प्लॅन (मध्ये एजंट नसलेला). रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशन दरवर्षी तुझ्याच पैशांतून जातं. सात-आठ वर्षं हात लावायचा नसेल तरच, कारण मध्ये बाजार पडणार हे धरूनच चाल. पीपीएफ आत्ता 500 रुपयांनी उघडून ठेव, वर्षं मोजायला सुरुवात होते. नोकरी पक्की झाली की रक्कम वाढव.

मामांना सांग, नव्या करप्रणालीत 80सीची (विमा हप्ता, पीपीएफ अशा बचतीवरची) वजावट मिळत नाही. कर वाचवायचं निमित्त तिथेच संपतं.

आणि पतसंस्थेत बाबांची स्वतःची ठेव किती आहे? तुझ्या दीड लाखाआधी तिचं बघा.