इंजेक्टर कंट्रोलरचं पेटंट: इंधनाचा भाग आणि फर्मवेअरचं कुलूप एकाच अर्जात घालावं का?

सोलेनॉइड_भोसरी:
नमस्कार मंडळी. एक सिलिंडर, पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनासाठी छोटा कंट्रोलर तयार आहे. इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी विजेची झडप, १२ ओहमचा, रेल प्रेशर (त्याला येणाऱ्या पेट्रोलचा दाब) ३ बार. बॅटरी १४ व्होल्टवरून १० वर उतरली की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि तेवढ्याच पल्समध्ये (कॉइलला वीज देण्याच्या वेळात) पेट्रोल कमी पडतं. बाकीचे ठरलेल्या तक्त्यावरून पल्स वाढवतात. आमचा कंट्रोलर कॉइलच्या करंटच्या आलेखातला खळगा पकडून दर वेळी उघडण्याचा क्षण मोजतो आणि पुढच्या पल्समध्ये तेवढी भर घालतो. दुसरा भाग सुरक्षेचा: डिजिटल सही तपासल्याशिवाय फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) चालत नाही, करेक्शनचा तक्ता एन्क्रिप्ट केलेला आहे. चिप वाचून हुबेहूब माल विकणारे बाजारात कमी नाहीत.
सॉफ्टवेअरला भारतात पेटंट मिळतं का? दोन्ही भाग एकाच अर्जात घालावेत का? आणि पुढच्या महिन्यात प्रदर्शनात स्टॉल आहे, तर अर्ज आधी की नंतर? उद्यम नोंदणी झालेली आहे.

दावेदार:
स्टॉलचं आधी बघू. अर्ज आधी, स्टॉल नंतर. पेटंट कायद्याच्या कलम ३१ची १२ महिन्यांची सवलत फक्त केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना लागू आहे. तुमचं त्यात असेल यावर विसंबू नका. आरएसए या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं काय झालं ते आठवा: १९७७च्या ऑगस्टमध्ये पद्धत मासिकात छापून आली, पेटंटचा अर्ज डिसेंबरमध्ये पडला. अमेरिकेत वर्षभराची सूट होती म्हणून १९८३मध्ये ४४,०५,८२९ क्रमांकाचं पेटंट मिळालं. बाहेरच्या देशांत दार बंद झालं होतं.

प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख पकडून ठेवणारा सुरुवातीचा अर्ज, टाका: फॉर्म १, फॉर्म २ आणि लघु उद्योगाच्या सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्रासह फॉर्म २८. ऑनलाइन १,६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० दावे (नेमका कशावर हक्क सांगता ती वाक्यं) बसतात. वरच्या प्रत्येक पानाला १६०, दाव्याला ३२०. कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे दाव्यांसह पूर्ण वर्णन, १२ महिन्यांत नाही गेलं तर अर्ज सोडून दिल्यात जमा. मात्र प्रोव्हिजनल म्हणजे दोन ओळींचं टिपण नव्हे. सर्किट, सॅम्पलिंगचा वेग, खळगा ओळखायची रीत, जे त्यात असेल त्यालाच ती तारीख मिळते. तपासणीची विनंती, म्हणजे फॉर्म १८, ३१ महिन्यांच्या आत, फी ४,०००. पूर्वीचे ४८ महिने २०२४च्या नियमांनी गेले, जुने ब्लॉग वाचून फसू नका.

करंटप्रोब:
पेटंटआधी मोजमापाचं बोलू, कारण दाव्याचे शब्द तिथूनच येणार.

तो खळगा उघडण्याचा क्षण नाही. आर्मेचर (सुई उचलणारा लोखंडी भाग) हलताना कॉइलमध्ये उलटा व्होल्टेज तयार होतो, त्याने वाढता करंट जरा दबतो. सुई स्टॉपरला टेकली की तो पुन्हा वर निघतो. म्हणजे तुम्ही पकडता तो सुई पूर्ण उचलली गेल्याचा क्षण. पेट्रोल त्याआधीच सुटायला लागलेलं असतं. दाव्यात ‘उघडण्याचा क्षण’ लिहाल तर विरोधी पक्ष तिथेच बोट ठेवेल.

दुसरं, बंद होणं कुठे आहे? पेट्रोलचं माप उघडणं आणि बंद होणं या दोन्हींवर ठरतं, त्यामुळे अर्धी चूक तुमच्या हिशेबाबाहेर आहे. बंद होण्याची खूण कॉइलच्या उतरत्या व्होल्टेजमध्ये दिसते, पण कॉइलचा करंट फिरता ठेवणारा साधा फ्रीव्हीलिंग डायोड लावला असेल तर करंट रेंगाळतो आणि खूण त्यात बुडते. करंट झटकन उतरवणारा झेनर डायोड किंवा ॲक्टिव्ह क्लॅम्प लागेल.

१२ ओहमला १४ व्होल्टवर फार तर १.२ अँपिअर. ०.१ ओहमच्या शंटवर (करंट मोजायच्या रेझिस्टरवर) ०.१२ व्होल्ट, त्यात खळगा काही मिलिव्होल्टचा. शंटची ग्राउंड वायर इग्निशन कॉइलच्या ग्राउंडशी जोडली असेल तर स्पार्कचा धक्काच खळगा म्हणून मोजला जातो. शंटच्या दोन्ही टोकांपासून वेगळ्या वायर ॲम्प्लिफायरपर्यंत न्या.

आणि हे काम जुनं आहे. इंजेक्टर खरा कधी उघडला-मिटला हे मोजण्यासाठी पेटंट वर्गीकरणात स्वतंत्र कप्पा आहे, एफ०२डी २०४१/२०५५. एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या संकेतस्थळावर आधी तो चाळा, मग पैसे भरा.

बूटरॉम:
कुलूपाबद्दल. सही तपासून फर्मवेअर चालवणं जुनंच आहे. जी०६एफ २१/५७ या पेटंटच्या कप्प्यात शोधलंत तर दिवस पुरणार नाही. वर कलम ३(के) ‘संगणक प्रोग्राम पर से’, म्हणजे नुसता प्रोग्राम, वगळतं. तांत्रिक परिणाम दाखवला तर वाट आहे, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तेच म्हटलं. पण ‘कॉपी होत नाही’ एवढ्यावर भागणार नाही.

शिवाय अर्ज १८ महिन्यांनी जगजाहीर होतो. कुलूप पद्धत लपवण्यावर उभं असेल तर ते त्याच दिवशी संपलं. सगळं गुपित किल्लीत हवं, आणि प्रत्येक नगाची किल्ली वेगळी, नाहीतर एक नग फोडला की सगळी बॅच उघडी. पब्लिक की (सही तपासायची किल्ली) एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत ठेवा, चिप बाहेरून वाचता येणारा एसडब्ल्यूडी पोर्ट बंद करा, व्हर्जनचा फक्त वर जाणारा काउंटर ठेवा. तो नसेल तर जुनं, सही असलेलं, भोकं असलेलं फर्मवेअर कोणीही परत चढवेल. तक्ता पेटंटमध्ये लिहूच नका, ते व्यापारी गुपित म्हणून राहू द्या.

एक विचारतो. स्टार्टर मारताना व्होल्टेज पडून चिप रिसेट होते तेव्हा काय करता? कॉर्टेक्स-एम०सारख्या लहान प्रोसेसरवर पी-२५६ प्रकारची सही तपासायला काही शे मिलिसेकंद जातात. दर रिसेटला पहिल्यापासून तपासणी, तोवर इंजेक्टर बंद.

सोलेनॉइड_भोसरी:
बॅटरी उतरलेली असली की हाच त्रास होता. म्हणून पूर्ण तपासणी झाली की बूटलोडर (चिप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) रॅममध्ये खूण ठेवतो. व्होल्टेज पडून रिसेट झाला आणि खूण शाबूत असली तर सही न तपासता पहिला पल्स सोडतो, इंजिन फिरायला लागल्यावर तपासणी पूर्ण करतो.

बूटरॉम:
हे आधी का नाही सांगितलंत! फक्त ती खूण बूटलोडरशिवाय कोणाला लिहिता येता कामा नये, आणि फ्लॅशमध्ये (फर्मवेअर साठवणाऱ्या मेमरीत) काहीही लिहिलं गेलं की आधी ती पुसली पाहिजे. नाहीतर बनावट फर्मवेअर खूण ठेवून रिसेट घडवेल.

दावेदार:
मग अर्ज याचा करा, अर्थात शोधात आधीचं काही निघालं नाही तर. क्रँकिंगमध्ये (स्टार्टर मारताना) व्होल्टेज पडला तरी इंधन वेळेवर सुटतं आणि कुलूपही टिकतं, हा तांत्रिक परिणाम बोट दाखवून सांगता येतो. खळग्याचं मोजमाप यात कोंबू नका. कलम १०(५) प्रमाणे एका अर्जात एकच शोध किंवा एकाच कल्पनेने बांधलेला गट लागतो. परीक्षकाने आक्षेप घेतला की कलम १६खाली अर्ज फोडावा लागेल.

पहिला दावा पद्धतीपेक्षा उपकरणाचा ठेवा: व्होल्टेज ओळखणारं सर्किट, रिसेटमध्ये टिकणारी मेमरी, इंजेक्टर ड्रायव्हर, यांचं एकमेकांशी नातं. चिपचं नाव, पी-२५६ हे वर्णनात आणि खालच्या दाव्यांत. वरच्या दाव्यात घातलेला प्रत्येक आकडा म्हणजे नक्कल करणाऱ्याला ठेवलेली फट. अमेरिकेतल्या जॉर्ज सेल्डनच्या मोटारगाडीच्या पेटंटचं असंच झालं. अर्ज १८७९चा, मुद्दाम रेंगाळत ठेवून १८९५मध्ये मंजूर करून घेतला, कारखानदारांकडून रॉयल्टीही वसूल झाली. १९११मध्ये अपील न्यायालयाने पेटंट वैध धरलं, पण ते ब्रेटन धाटणीच्या इंजिनापुरतं. फोर्ड ऑटो धाटणीचं इंजिन वापरत होता, सुटला.

परदेशात जायचं असेल तर भारतातल्या अर्जानंतर सहा आठवडे थांबा, कलम ३९. परीक्षकाचा पहिला अहवाल आला की उत्तराला सहा महिने मिळतात, फॉर्म ४ भरून आणखी तीन. आणि स्टॉलवर बोर्डाचं झाकण उघडं ठेवू नका, अर्ज केलेला असला तरी.