दीड महिन्यातच दुसरी ऑफर आली, काय करावं?

मी लातूरकडचा, दीड महिना झाला संभाजीनगरच्या वाळूजला एका कंपनीत क्वालिटीत लागलो, हातात 18 हजार. आता शेंद्र्याहून 25 ची ऑफर आलीय, तिथं मुलाखत आधीच दिली होती. इथल्या साहेबांनी फ्रेशर असून घेतलं, मशीनवर उभं राहून शिकवलं, त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? पण घरी सोयाबीनचं काही खरं नाही अन् बहिणीची फी भरायचीय, लई टेन्शन आलंय.

> भाऊ आधी ऑफर लेटर हातात घे. मी फोनवरच्या शब्दावर राजीनामा दिला अन् दोन महिने घरी बसलो. प्रोबेशनमधी नोटीस किती दिवसाची ते अपॉइंटमेंट लेटरात बघ.

> 25 हातात का सीटीसी (पीएफ वगैरे सगळं धरून कंपनीचा एकूण खर्च)? वाळूज अन् शेंद्रा शहराची दोन टोकं, रूम बदलावी लागंल, कंपनीची बस आहे का विचार. पीएफ काढू नको, यूएएन (पीएफचा नंबर) तोच राहतो, ट्रान्सफर कर, 5 वर्षांच्या आत काढला तर टॅक्स बसू शकतो.

> साहेबांना समोर बसून सांग दादा, घरची अडचण पण सांग. मेसेज टाकून गायब होऊ नको, त्यांनी शिकवलंय तुला.

विचारलं, सीटीसीच निघाली, हातात 21. तरी जावं वाटतंय. उद्या साहेबांना भेटतो.